सिरियल लिहायचीये? मग आधी घरातल्या नात्यांचा तक्ता काढा

इंदूरात मराठी एकांकिका लिहिणारी मुलं-मुली भरपूर आहेत, गणेशोत्सवात लिहितात, कॉलेजात लिहितात, सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं न चुकता बघतात, आणि आता त्यातल्या बऱ्याच जणांना सिरियल लिहायचीये. छान आहे, लिहायलाच पाहिजे. पण एकांकिकेची सवय घेऊन सिरियलकडे गेलेला माणूस पहिलं काय करतो, तर कॅरेक्टरची वर्णनं लिहितो. सई, वय २४, हट्टी, स्वाभिमानी, पावसाची आवड. असं पानभर. ही सई पाचव्या एपिसोडला संपते, कारण हट्टी म्हणजे कुणाशी हट्टी, कुणासमोर तिचा हट्ट विरघळतो, कुणासाठी ती तो गिळून टाकते, यातलं काहीच त्या पानावर नाहीये. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत नुसत्या स्वभावावर निभावतं, पण रोजच्या अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटं, आठवड्यात सहा दिवस, तिथे स्वभाव पुरत नाही. तिथे माणूस नात्यांतून उभा राहतो, आणि दोन-तीन नाती त्याला एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंना ओढतात तेव्हा तो कुणाचा हात सोडतो, त्यावरून आपल्याला कळतं की तो कोण आहे.

म्हणून ही पद्धत नवीन लिहिणाऱ्यांसाठी सांगते. शेजारी कागद-पेन घेऊन वाचा, वाचता वाचता करा.

पायरी १ : माणसं लिहा, मग जोड्या लिहा, मग देणं लिहा

मोठा कोरा कागद घ्या, वहीचं पान पुरणार नाही. त्यावर फक्त नाव आणि घरात तो कोण एवढंच, स्वभाव अजिबात नाही. आपण इथे एक घर रचूया, म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावरच करून बघता येईल. घर इंदूरच्या रामबागेत, जुनं, खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. आजी आहेत. बाबा विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेत. आई. मोठा मुलगा प्रसाद, त्याची बायको नेहा, नेहाचं माहेर देवासचं. आणि धाकटी केतकी, बँकेत नोकरीला. सहा माणसं झाली.

आता सहा माणसांत जोड्या किती होतात ते मोजा. पंधरा. आणि सातवा माणूस आला की एकदम सहा जोड्या वाढतात, एकवीस होतात. नवीन लेखक सहसा यातल्या तीन-चारच जोड्या लिहितो, नवरा-बायको, सासू-सून, आई-मुलगी, आणि बाकीच्या तशाच पडून राहतात. मग शंभराव्या एपिसोडला गोष्ट सुचेनाशी होते आणि कुणाचातरी अपघात करावा लागतो. खरा माल त्या न लिहिलेल्या जोड्यांत असतो. आजी आणि प्रसाद यांच्यात काय आहे? बाबा आणि नेहा एकमेकांशी किती बोलतात, एकटे असताना बोलतात का? दीर-भावजय, आजेसासू-नातसून, असल्या जोड्यांवर आपल्याकडे घराघरांत जे घडतं ते टीव्हीवर फार कमी आलंय.

प्रत्येक जोडीसमोर एक ओळ लिहायची, आणि त्या ओळीत "प्रेम आहे", "पटत नाही" असलं काही लिहायचं नाही, कोण कुणाचं काय देणं लागतं ते लिहायचं. उदाहरणार्थ, बाबांनी प्रसादच्या इंजिनिअरिंगसाठी एक प्लॉट विकला, तो केतकीच्या लग्नासाठी ठेवलेला होता. बाबांच्या ते आता डोक्यातही नाही, प्रसाद विसरलेला नाही, आणि केतकीला माहीतच नाही. किंवा हे बघा, आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नेहाने शाळेतली नोकरी सोडून त्यांचं सगळं केलं, तेव्हापासून आजी प्रत्येक गोष्टीत नेहाची बाजू घेतात, आणि हे आईला आत कुठेतरी लागलंय कारण तिने याच सासूचं पस्तीस वर्षं केलं त्याचं कुणी कधी नाव काढलं नाही. बघा, आईबद्दल मी एकही विशेषण वापरलेलं नाही तरी ती दिसायला लागली ना? ती जेवणाच्या टेबलावर कुठल्या वाक्याला गप्प होईल तेसुद्धा तुम्हाला आत्ता सांगता येईल.

पायरी २ : दोन नाती एकाच खोलीत आणा

देणी लिहून झाली की शोधायचं की कुठल्या क्षणी एका माणसाची दोन देणी एकमेकांच्या आड येतात. सीन तिथे आहे.

आपल्या इंदूरला यासाठी लांब जायची गरजच नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले आणि अहिल्याबाई सती जायला निघाल्या तेव्हा मल्हाररावांनी त्यांना अडवलं, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. आता लेखक म्हणून बघा. एका बाजूला त्या काळच्या समजुतीप्रमाणे बायकोचं कर्तव्य, दुसऱ्या बाजूला सासरा, ज्याचा स्वतःचा एकुलता एक मुलगा आत्ताच गेलाय आणि जो सुनेला म्हणतोय जाऊ नकोस. तो सुभेदार आहे, हुकूम देऊ शकतो, पण तिथे तो बाप म्हणून उभा आहे. अहिल्याबाई बायकोचं देणं बाजूला ठेवून सुनेचं देणं पत्करतात, आणि आपल्याला माहीत असलेली अहिल्याबाई तिथून पुढे घडते. मग १७६६ ला मल्हारराव गेले, १७६७ ला मुलगा मालेराव गेला. ज्यांच्या नात्याने ती ओळखली जायची ते नवरा, सासरा, मुलगा असे तिघेही तेरा वर्षांत गेले आणि कारभार तिच्या हातात आला. २०२१ मध्ये सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' आली तेव्हा त्या सिरियलचा कणा सासरा-सून हेच नातं होतं, आणि मला वाटतं ते अगदी बरोबर निवडलं होतं, कारण लढाया कितीही दाखवल्या तरी बघणारा रोज परत येतो तो या दोघांचं पुढे काय झालं ते बघायला.

टीव्हीवरचं दुसरं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ चालली, १८३३ भाग झाले, आणि त्यात लोकांना आजही आठवतं ते तुलसीने स्वतःच्या मुलावर, अंशवर, गोळी झाडली ते. आई म्हणून एक देणं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या बाईचं, सुनेचं, वेगळं देणं. तुलसी सोशिक आहे की कडक आहे याचं उत्तर वर्णनात नव्हतं, ते त्या एका क्षणात होतं.

पायरी ३ : प्रेम बाहेरून आणू नका, घरातल्या धाग्यात गुंतवा

इथे जरा थांबून नीट बघूया कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. लव्ह ट्रॅक म्हटलं की नवीन लेखक एक देखणा मुलगा बाहेरून आणतो, पावसात भेट, पुस्तकं पडतात, आणि मग घरच्यांचा विरोध कारण... कारण विरोध हवा म्हणून. या मुलाला घरातल्या सहा जणांशी काहीही देणं-घेणं नसतं. मग तो आला काय, गेला काय, कुणाचंच काही हलत नाही.

आपल्या रामबागेच्या घरात केतकीला कुणावर प्रेमात पाडायचं? नेहाच्या भावावर. निखिल, देवासला राहतो, पीथमपूरला नोकरी करतो. आता काय होतं बघा.

रविवारची सकाळ आहे. नेहाने पोह्यांवर झाकण ठेवलंय, केतकी ओट्याशी कोथिंबीर निवडतेय, सेव आणि जिरावणचा डबा बाहेर गेलेला आहे. ओट्यावर नेहाचा फोन वाजतो, स्क्रीनवर निखिलचं नाव.

"वहिनी, तुझा फोन."

नेहा फोनकडे बघत नाही, केतकीकडे बघते.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"केतकी, मी बहीण आहे त्याची. महिनाभर झाला, रोज मला विचारतो घरी सगळे कसे आहेत. आधी कधी विचारायचा नाही."

बाहेरून आईंचा आवाज येतो, "नेहा, झाले का गं पोहे? बाबा थांबलेत."

"आणते आई!" नेहा झाकण काढते, गॅस बंद करते, आणि प्लेटा मांडता मांडता हळूच म्हणते, "यांना कळलं ना, तर पहिला प्रश्न मला विचारतील. तुला नाही."

सीनमध्ये प्रेम हा शब्द कुणी उच्चारलेला नाही, प्रेम करणारा मुलगा खोलीतही नाही. पण नेहा त्या मिनिटभरात बहीण आहे, वहिनी आहे, सून आहे आणि बायको आहे, आणि या चारही जणींना वेगवेगळं काहीतरी हवंय.

आता बाकीच्या जोड्यांवर जा, एकेक करून. हे लग्न झालं तर ते साटंलोटं होणार. नेहाची आई केतकीची सासू होणार, म्हणजे देवासला केतकीला कुणी टाकून बोललं तर त्याचे पडसाद रामबागेत नेहाच्या ताटाशी उमटणार. प्रसाद देवासला जावई आहे, गेला की त्याच्यासाठी पाट मांडतात, आग्रह करतात, आणि आता त्याच घरात त्याला मुलीचा भाऊ म्हणून थोडं वाकून बसावं लागणार. त्याला हे जमेल? त्यात परत तो प्लॉट आहेच, केतकीच्या लग्नाचा विषय निघाला की पैशाचा विषय निघणार आणि प्रसादच्या पोटात गोळा येणार, आणि तो या लग्नाला जो विरोध करेल तो निखिल वाईट आहे म्हणून नाही, त्याला तो विषयच टाळायचाय म्हणून. हे त्याला स्वतःलाही कळणार नाही. आई मात्र खूश होईल, कारण इतकी वर्षं आजी नेहाच्या बाजूने होत्या, आता नेहाच्या माहेरी आपली मुलगी जाणार म्हणजे नेहाला आपल्याशी जपून वागावं लागेल. असा विचार आईने मनात आणला याची तिलाच लाज वाटेल, आणि तो सीन फार सुंदर होईल.

एक प्रेम, आणि पंधराच्या पंधरा जोड्या हलल्या. हाच निकष ठेवा. लव्ह ट्रॅक लिहिल्यावर घरातली निदान पाच-सहा नाती जागची हलली नाहीत तर तो ट्रॅक ठेवू नका, दुसरा शोधा.

उलटही होतं, घरच प्रेम घडवतं. २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली होती, घना आणि राधा, दोघांनी घरच्यांच्या लग्नाच्या आग्रहातून सुटायला ठरवून कॉन्ट्रॅक्टचं लग्न केलं. त्या दोघांना एकटं बेटावर सोडलं असतं तर ते प्रेमात पडलेच नसते. घनाच्या, म्हणजे काळे आडनावाच्या, त्या भरल्या घरासमोर नवरा-बायको असल्याचं दाखवावं लागलं, घरातल्यांशी राधाचं खरं नातं जुळत गेलं, आणि खोट्या लग्नातली ती दोघं त्या खऱ्या नात्यांमुळे अडकत गेली. म्हणजे रोमान्सचे सीन लिहिताना खोलीत तिसरं माणूस असू द्या, निदान दाराशी तरी. एकांतातले सीन कमी लिहा, जपून वापरा.

पायरी ४ : कुणाला काय माहीत आहे

याला जास्त वेळ लागत नाही पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा कागद घ्या, डावीकडे गुपितं, वर माणसांची नावं. केतकी-निखिलचं नेहाला माहीत, आजींना संशय, बाकी कुणाला नाही. प्लॉटचं बाबा, आई, प्रसादला माहीत, केतकीला नाही. आणि एक रकाना प्रेक्षकाचा, तो सगळ्यात महत्त्वाचा. प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट जेव्हा जेवणाच्या टेबलावर बसलेल्या एकालाच माहीत नसते तेव्हा "आमटी वाढ" हे वाक्यसुद्धा बघवत नाही. प्रत्येक गुपित कुठल्या आठवड्यात कुणाला कळणार ते पेन्सिलने लिहून ठेवा, एकाच एपिसोडमध्ये सगळ्यांना कळू देऊ नका, आणि कळल्यावर तो माणूस आधी कुणाकडे जातो ते ठरवा. बातमी घेऊन माणूस ज्याच्याकडे जातो ते त्याचं सगळ्यात जवळचं नातं.

पायरी ५ : विरोधातल्या माणसालाही तेवढाच मोठा तक्ता द्या

'आई कुठे काय करते' घ्या, डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. अनिरुद्धच्या आयुष्यात संजना येते, पुढे बायको अरुंधतीशी घटस्फोट होतो, संजना त्याची बायको होऊन त्याच घरात येते. पण संजना नुसती दुसरी बाई नाहीये, तिचं स्वतःचं आधीचं लग्न आहे, मुलगा आहे. आणि अरुंधतीकडे बघा, कोर्टाने एक नातं संपवलं, पण सासू-सासऱ्यांशी असलेलं, मुलांशी असलेलं संपवता येत नाही. बायको नाही पण आई आहे, सून नाही पण सासऱ्यांना, अप्पांना, लेकीसारखी आहे. पाच वर्षं ही गोष्ट चालली ती या उरलेल्या धाग्यांवर.

आणि एक गोष्ट नव्या लेखकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. ही गोष्ट मूळ बंगाली 'श्रीमयी'ची. तीच हिंदीत २०२० ला 'अनुपमा' झाली, अहमदाबादच्या गुजराती घरात. स्वयंपाकघरं बदलली, सण बदलले, भाषा बदलली, पण नात्यांचा सांगाडा टिकला आणि तिन्हीकडे लोकांना ती बाई आपल्या ओळखीची वाटली. चॅनलवाले गोष्ट विकत घेतात म्हणजे मुख्यतः हा सांगाडा विकत घेतात. तो तुमच्याकडे पक्का असला पाहिजे.

पायरी ६ : कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं

मुंबईच्या लेखकाला हे सुचणार नाही, आपल्याला सुचायला पाहिजे कारण आपण तसंच जगतो. इंदूरच्या मराठी घरात आजीशी शुद्ध मराठी, आई-बाबांशी "मी निघून राहिलोय" वाली आपली मराठी, बहीण-भावांत अर्धी हिंदी, आणि बाहेर भिया-भिया वाली इंदुरी हिंदी. मग केतकी आणि निखिल एकमेकांशी कशात बोलतात? माझं म्हणणं, चॅटवर हिंदीत, आणि ज्या दिवशी निखिल पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलेल त्या दिवशी तिला कळेल की हा आता लग्नाचं बोलतोय. प्रसाद चिडला की हिंदीत जातो, बाबा चिडले की एकदम पुस्तकी मराठीत येतात. प्रत्येक जोडीसमोर हे लिहून ठेवा. मराठी चॅनलसाठी लिहिताना हिंदी किती चालेल ते क्रिएटिव्ह टीम ठरवेल, ते कापतीलही, पण तुमच्या तक्त्यात ते असलं म्हणजे कापल्यावरही वाक्याचा सूर राहतो. ग्वाल्हेर, बडोद्याच्या मंडळींनी आपापल्या घरचं घालावं.

पायरी ७ : लीप आणि मृत्यू

सिरियल चालली तर कधी ना कधी लीप येतोच, म्हणजे गोष्ट एकदम पुढच्या काळात उडी मारते, पाच वर्षांची, वीस वर्षांची. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, एवढ्या प्रवासात घर तेच ठेवून नाती बदलत न्यावी लागतात. लीप आला की नवी माणसं लिहायच्या आधी जुना तक्ता काढा आणि बघा कुठली देणी फिटली नाहीयेत. तीच पुढच्या पिढीला वारशात द्या. केतकीच्या मुलीला तो प्लॉट कुठे होता ते एक दिवस कळलं पाहिजे.

मेलेल्या माणसाचं नाव तक्त्यातून खोडायचं नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि सगळं घर त्यांनी मागे सोडलेल्या गुंत्यात फिरत राहतं. २०१९ ला दुसरं पर्व आलं ते मागच्या काळातलं, जिवंत अण्णांचं, त्यात अण्णांची बायको माई, त्यांच्या आयुष्यातली दुसरी बाई शेवंता, मुलं, सगळे धागे आधीपासून बांधलेले होते म्हणून एवढं मोठं कॅरेक्टर उभं राहू शकलं. लोकांनी त्या शेवंतावर एवढं प्रेम केलं त्यामागे माईसुद्धा आहे, हे विसरू नका. माईचं घर नसतं तर शेवंताचं दुःखही नसतं.

पायरी ८ : तपासणी

आता पहिल्या पाच एपिसोडची वनलाइन लिहा, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं ते एकेका ओळीत. आपल्याकडे स्टोरी, स्क्रीनप्ले, डायलॉग बहुतेक वेळा वेगवेगळे लोक लिहितात, नवीन माणसाला सुरुवातीला डायलॉग किंवा असिस्टंटचं काम मिळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तुमचा तक्ता दुसऱ्याला वाचता आला पाहिजे, बाणांचा गोंधळ नको, प्रत्येक जोडीला नंबर द्या. मग प्रत्येक सीनसमोर लिहा की या सीनमध्ये कितव्या नंबरची जोडी बदलली. बदलली म्हणजे सीन संपताना त्या दोघांतलं देणं वाढलं, फिटलं, किंवा कुणाला तरी नव्याने कळलं. ज्या सीनसमोर नंबर येत नाही तो काढून टाका, कितीही छान डायलॉग असले तरी. आणि पाच एपिसोड झाल्यावर ज्या जोडीचा नंबर एकदाही आलेला नाही तिला सहाव्यात आणा. आपल्या घरात ती जोडी बहुतेक बाबा आणि नेहा असेल, तर सहाव्या एपिसोडची सुरुवात बाबा नेहाला स्कूटरवरून राजवाड्यापर्यंत सोडायला निघालेत इथून करा, दोघांनाही केतकीचं काय चाललंय ते आता माहीत आहे, आणि दोघांपैकी कुणालाच विषय काढायचा नाहीये.